ल्युपस असताना चालायचं किती? उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी मिळतं

माझी धाकटी बहीण पलंगाच्या कडेला बसली होती. एका पायात मोजा, दुसरा हातात. सकाळचे नऊ वाजले होते आणि ती त्या हातातल्या मोज्याकडे नुसती बघत होती. मी विचारलं, "झोप झाली नाही का गं?" तर म्हणाली, "ताई, नऊ तास झोपले. उठले, तोंड धुतलं, एक मोजा घातला आणि तेवढ्यातच सगळं संपलं."

ल्युपसचा थकवा काय चीज असते हे मला त्या सकाळी पहिल्यांदा कळलं. तोवर मी त्याला दमणं समजत होते. दमलेला माणूस झोपला की ताजातवाना होतो. हा थकवा झोपेतून उठतानाच अंगावर बसलेला असतो.

निदान झाल्यावर घरात सल्ल्यांचे दोन तट पडले होते. एक म्हणायचा, "आराम कर, अंगावर काढू नकोस." दुसरा म्हणायचा, "पडून राहिलीस तर आणखी आजारी पडशील, ऊठ, चालायला लाग." मी दुसऱ्या तटातली. एका चांगल्या दिवशी मी तिला सलग चाळीस मिनिटं चालवून आणलं. चालताना ती खूश होती, मीही होते. पुढचे तीन दिवस ती अंथरुणातून उठली नाही. चूक माझी होती. ती नेमकी कुठे झाली हे समजायला मला बरंच वाचावं लागलं, तिच्या डॉक्टरांना आणि फिजिओथेरपिस्टना पुन्हा पुन्हा विचारावं लागलं. ज्यांच्या घरात हा आजार आहे त्यांना तेवढा वेळ लागू नये, म्हणून हे लिहिते आहे.

हा थकवा येतो कुठून?

ल्युपसमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच पेशींवर उलटते. त्वचा, सांधे, मूत्रपिंडं, फुप्फुसांचं आवरण, रक्तपेशी, मेंदू, काहीही तिच्या तावडीत सापडू शकतं. दहा रुग्णांमागे साधारण नऊ बायका असतात, आणि आजार बहुतेक वेळा ऐन उमेदीत, पंधरा ते पंचेचाळीसच्या दरम्यान डोकं वर काढतो. प्रत्येकीचा ल्युपस वेगळा, पण थकव्याची तक्रार जवळजवळ सगळ्यांची.

त्यामागे एक कारण रक्तातच असतं. विषाणूशी लढताना शरीर इंटरफेरॉन नावाचे संदेशवाहक रेणू सोडतं. फ्लू झाल्यावर अंग गळून जातं, उठवत नाही, काही सुचत नाही, त्यात या रेणूंचा मोठा हात असतो. ल्युपसच्या पुष्कळ रुग्णांत हे इंटरफेरॉन विषाणू नसतानाही वाढलेले असतात. म्हणजे लढाई संपलेली नसते, शत्रू मात्र बाहेर कुठेच नसतो. पूर्वी हिपॅटायटिस सी या यकृताच्या आजारावर इंटरफेरॉनचीच इंजेक्शनं देत. ती घेणाऱ्या लोकांना असाच जबरदस्त थकवा यायचा. तेव्हा "तुला वाटतंय तसं काही नाही, मनाचे खेळ आहेत" असं कुणी म्हणालं, तर त्याला खुशाल ही गोष्ट सांगावी.

पण सगळा दोष आजाराच्या माथी मारूनही चालत नाही. रक्त कमी असतं, थायरॉइड मंदावलेलं असतं, ड जीवनसत्त्व तळाला गेलेलं असतं, दुखण्यामुळे झोप तुटक होते, मन खचलेलं असतं. यातल्या बऱ्याच गोष्टींवर सरळ उपाय आहेत. म्हणून चालायला सुरुवात करण्याआधी डॉक्टरांना एकदा विचारून घ्यावं, की या थकव्यात दुरुस्त होण्यासारखं काय काय आहे. हिमोग्लोबिन आठवर असताना चालून थकवा घालवायला निघणं म्हणजे स्वतःवर अन्याय आहे.

आणि मग येतं ते कारण ज्यावर चालण्याचा खरा उपयोग होतो. थकवा आहे म्हणून माणूस हालचाल कमी करतो. हालचाल कमी झाली की स्नायू झिजतात, हृदय एका ठोक्यात कमी रक्त पुढे ढकलतं, आणि काल जे काम सहज व्हायचं त्याला आज धाप लागते. म्हणजे थकवा वाढला. म्हणून हालचाल आणखी कमी.

हे किती वेगानं होतं ते ऐकून मी हादरले होते. १९६६ मध्ये अमेरिकेत डॅलसला पाच धडधाकट तरुणांना, साधारण विशीतल्या, तीन आठवडे पूर्णवेळ अंथरुणात झोपवून ठेवलं होतं. त्यांची दमसास टिकवण्याची ताकद मोजली, तर ती साफ कोसळली होती. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासलं. तीस वर्षांच्या वयवाढीनं त्यांची जेवढी ताकद गेली होती, त्याहून जास्त त्या तीन आठवड्यांनी नेली होती. निरोगी विशीतल्या मुलांची ही गत, तर आधीच दाहानं, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या हल्ल्यातून येणाऱ्या आतल्या सुजेनं, पोखरलेल्या शरीराचं काय होत असेल! दिलासा देणारी गोष्टही त्याच प्रयोगात आहे. अंथरुणातून उठल्यावर त्यांना काही आठवडे पद्धतशीर व्यायाम दिला आणि गेलेली ताकद परत आली.

चालण्यानं काय होतं, काय होत नाही

चालण्यानं ल्युपस बरा होत नाही. हे आधीच स्पष्ट सांगते, कारण "गोळ्या सोड, रोज चाल" असं सांगणारे भेटतात. १९९१ मध्ये कॅनडातल्या एका चाचणीत आजार शांत असलेल्या काही रुग्णांची हायड्रॉक्सीक्लोरोक्विन ही ल्युपसवरची नेहमीची गोळी थांबवून तिच्याजागी नुसतीच दिसायला तशी गोळी दिली. त्यांच्यात आजार उफाळण्याचं प्रमाण अडीच पटींनी वाढलं. चालणं गोळ्यांच्या जोडीला असतं, त्यांच्या जागी कधीच नाही.

मग उपयोग कशात? २००३ मध्ये ब्रिटनमधल्या एका अभ्यासात ल्युपसच्या ९३ रुग्णांचे तीन गट केले. एका गटाला बारा आठवडे हळूहळू वाढवत नेलेला व्यायाम दिला. तो घरच्या घरी करायचा होता आणि त्यात मुख्य भर चालण्यावर होता. दुसऱ्या गटाला शरीर सैल सोडून विश्रांती घेण्याचं तंत्र शिकवलं, तिसऱ्याला वेगळं काहीच नाही. शेवटी "मला पुष्कळ बरं वाटतंय" असं व्यायामाच्या गटातल्या जवळजवळ निम्म्या लोकांनी सांगितलं. विश्रांतीच्या गटात हे प्रमाण चारात एक किंवा थोडं जास्त होतं, तिसऱ्या गटात सहात एक. आणि ज्याची सगळ्यांना धास्ती असते ते झालं नाही, व्यायामामुळे आजार भडकला नाही.

अभ्यास छोटा आहे, हे मान्य. या विषयावरचे बहुतेक अभ्यास छोटेच आहेत. शिवाय निम्म्यांना फरक पडला म्हणजे निम्म्यांना तेवढा पडला नाही, हेही त्याच आकड्यात आहे. पण सगळ्यांचा कल एकाच दिशेला दिसतो, म्हणून २०२३ मध्ये युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेनं, युलारनं, औषधांव्यतिरिक्तच्या उपचारांवर शिफारशी काढल्या तेव्हा दमसास वाढवण्यासाठी, थकवा आणि उदासी कमी करण्यासाठी ल्युपसच्या रुग्णांना चालण्यासारखा व्यायाम द्यावा असं त्यात घातलं.

एक कारण थकव्याहून मोठं आहे आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं: हृदय. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात ३५ ते ४४ वयाच्या ल्युपस असलेल्या बायकांची तुलना त्याच वयाच्या इतर बायकांशी केली होती. हृदयविकाराच्या झटक्याचं प्रमाण पन्नास पटींहून जास्त निघालं. या वयात बायकांना झटका येणं मुळात फार दुर्मीळ, त्यामुळे पटींचा आकडा एवढा मोठा दिसतो, हे खरं. तरीही तो आकडा मी विसरू शकत नाही. सततचा दाह रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर खराब करतो, आणि ल्युपसवर दिल्या जाणाऱ्या स्टेरॉइडमुळे साखर, रक्तदाब, वजन वाढतं. चालताना रक्त जोरात वाहतं, त्या घर्षणानं हेच अस्तर नायट्रिक ऑक्साइड सोडतं आणि वाहिन्या सैल, लवचीक राहतात. स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात. हा फायदा जाणवत नाही, दिसत नाही, पण पुढच्या वीस वर्षांचा विचार करता मला तो सगळ्यात मोलाचा वाटतो.

सुरुवात वाईट दिवसापासून

आता माझी चूक. मी चांगला दिवस पाहून चाळीस मिनिटं ठरवली होती. आपण सगळे हेच करतो. चांगला दिवस उजाडला की साठलेली कामं काढतो, बाजार, साफसफाई, फिरणं सगळं त्याच दिवशी. मग तीन दिवस आडवे. परत जरा बरं वाटलं की पुन्हा तेच. या हेलकाव्यांत ताकद वाढत नाही, उलट प्रत्येक आपटीबरोबर थोडी कमी होते. आणि चालण्याची भीती बसते ती वेगळीच.

बहिणीच्या फिजिओथेरपिस्टनी उलटं करायला लावलं. एक आठवडा काही बदलायचं नाही, फक्त लिहायचं: आज न थांबता किती मिनिटं चालले, आणि उद्या सकाळी कसं वाटलं. आठवड्याच्या शेवटी त्यांनी वहीतला सगळ्यात वाईट दिवस शोधला. त्या दिवशी ती सहा मिनिटं चालू शकली होती. "इथून सुरुवात," त्या म्हणाल्या. बहिणीला ते अपमानास्पद वाटलं. सहा मिनिटांत तर गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन परत यायचं! पण त्यांचा मुद्दा बरोबर होता. जे वाईट दिवशीही जमतं तेच रोज जमतं, आणि शरीराला सवय रोज होणाऱ्या गोष्टीची लागते.

सहा मिनिटं सकाळी, सहा संध्याकाळी. दोन आठवडे त्याच्या पुढे जायचं नाही, कितीही उत्साह असला तरी. हे "थांबणं" तिला चालण्याहून अवघड गेलं. मग आठवड्याला एक मिनिट वाढ. एका वेळी एकच गोष्ट वाढवायची: वेळ वाढवला तर वेग तोच ठेवायचा, चढाचा रस्ता घेतला तर वेळ कमी करायचा. तुमचा आकडा सहा नसेल. तीन असेल, पंधरा असेल. तो तुमच्या वहीतूनच निघाला पाहिजे, शेजारणीच्या घड्याळातून नाही.

रोजची दहा हजार पावलं मनातून काढून टाका. तो आकडा वैद्यकशास्त्रातून आलेलाच नाही. १९६५ च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजणारं एक यंत्र बाजारात आलं, त्याचं नावच 'मानपो-केई' होतं, म्हणजे दहा हजार पावलांचं मीटर. नाव आकर्षक होतं, म्हणून आकडा जगभर पसरला. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सुचवते. तो दूरचा मुक्काम म्हणून ठीक आहे, पण त्याच संघटनेनं २०२० मध्ये "एका वेळी निदान दहा मिनिटं सलग हवीच" ही जुनी अट काढून टाकली. म्हणजे तुमची चार-चार मिनिटंही जमेस धरली जातात. हे मला फार आवडलं.

वेग कसा ओळखायचा? चालता चालता पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, गाणं म्हणायला मात्र दम पुरू नये. वाक्य मध्येच तुटत असेल तर हळू व्हा. सुरुवातीचे काही आठवडे गाणं म्हणता येईल इतकं सावकाश चाललात तरी बिघडत नाही. मनगटावरच्या घड्याळातल्या नाडीच्या आकड्यावर फार विसंबू नका. रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर गटातली गोळी चालू असेल तर नाडी मुळातच फारशी वाढत नाही, आणि आकडा फसवतो.

हिशेब कधी लागतो

इथे सगळ्यात महत्त्वाची गोष्ट येते. निरोगी माणूस चालताना किंवा चालून झाल्यावर ठरवतो, की जास्त झालं की नाही. ल्युपसमध्ये चालताना शरीर खरं सांगत नाही. त्या चाळीस मिनिटांत माझी बहीण हसत होती, हे आठवा.

सांध्यांचा हिशेब साधारण दोन तासांनी लागतो. चालून दोन तास झाल्यावरही गुडघा किंवा घोटा चालण्याआधीपेक्षा जास्त दुखत असेल, तर पुढच्या वेळी थोडं कमी करा. थकव्याचा हिशेब दुसऱ्या दिवशी सकाळी लागतो. उठल्यावर नेहमीसारखं वाटतंय, तर कालचं प्रमाण बरोबर होतं. नेहमीपेक्षा जड वाटतंय, तर काल जास्त झालं, मग काल कितीही छान वाटलेलं असो. एक सकाळ जड गेली म्हणून लगेच घाबरायचं कारण नाही, रात्री झोप लागली नसेल, पाळी असेल. दोन-तीन सकाळी ओळीनं तशाच गेल्या तर प्रमाण एक पायरी खाली आणायचं.

बहिणीच्या वहीत आता फक्त तीन रकाने आहेत: मिनिटं, दोन तासांनी सांधे, सकाळ. सकाळच्या रकान्यात ती 'हलकी', 'तीच', 'जड' यांतला एकच शब्द लिहिते. डॉक्टरांकडे जाताना ती वही घेऊन जाते. "थकवा कसा आहे?" या प्रश्नाला "आहे तसाच" असं उत्तर देण्यापेक्षा "गेल्या तीस दिवसांत अकरा सकाळी जड होत्या" हे सांगता येणं, यानं डॉक्टरांचं ऐकणंच बदललं.

उन्हाचा हिशेब मात्र फार उशिरा

उन्हामुळे त्वचेवर येणारे चट्टे त्याच दिवशी दिसतीलच असं नाही. पुष्कळदा ते एक ते तीन आठवड्यांनी उमटतात, आणि त्वचेबरोबर सांधे, ताप, थकवा असा सगळा आजारच उसळू शकतो. त्यामुळे "परवा उन्हात फिरले, काही झालं नाही" हा पुरावा इथे चालत नाही. चालण्याचे फायदे सांगणारे लोक सकाळच्या कोवळ्या उन्हाचं कौतुक करतात. ल्युपसच्या रुग्णानं ते ऐकून सोडून द्यावं.

अतिनील किरणांतले काही दुपारी तीव्र असतात, पण यूव्हीए जातीचे किरण सकाळपासून संध्याकाळपर्यंत असतात, ढगांतून येतात, खिडकीच्या साध्या काचेतूनही येतात. वाळू, पाणी, बर्फ यांवरून ते उसळून खालून चेहऱ्यावर पडतात, टोपी असली तरी. म्हणून चालायची वेळ सूर्योदयापूर्वीची किंवा सूर्यास्तानंतरची उत्तम. ते जमत नसेल तर एक सोपी खूण आहे: आपली सावली आपल्या उंचीहून आखूड असेल तेव्हा बाहेर पडायचंच नाही. आणि सावली लांब असली तरी लांब बाह्या, रुंद काठाची टोपी, एसपीएफ ५० चं सनस्क्रीन, हे सगळं हवंच. सनस्क्रीन निघण्याआधी पंधरा-वीस मिनिटं लावायचं, भरपूर लावायचं, आणि कान, मानेची मागची बाजू आणि हाताच्या पंजाची वरची बाजू विसरायची नाही. नेमक्या याच जागा सुटतात. बाहेर जास्त वेळ जाणार असेल तर दर दोन तासांनी परत. ऊन असं टाळल्यावर ड जीवनसत्त्व कमी पडतं, ते तपासून गोळ्यांतून भरून काढता येतं.

घरातल्या घरात चालण्याला कमी लेखू नका. बहिणीनं पहिला महिना खोलीतून व्हरांड्यात, व्हरांड्यातून परत खोलीत, असाच काढला. पायांच्या स्नायूंना छप्पर आहे की आकाश, हे कळत नाही.

थंडीत ज्यांची बोटं पांढरी, मग निळसर पडतात, म्हणजे ज्यांना रेनॉचा त्रास आहे, त्यांनी हातमोजे घरातच घालून निघावं. बोटं गार पडल्यावर घातलेल्या हातमोज्यांचा फारसा उपयोग होत नाही.

पाय, गुडघे आणि जांघेतलं दुखणं

सकाळी सांधे आखडलेले असतात, तेव्हा उठल्या उठल्या चालायला जाण्याचा अट्टहास नको. कोमट पाण्यानं अंघोळ, घोटे गोल फिरवणं, गुडघे हळूहळू वाकवणं-सरळ करणं, आणि मग चालणं. बूट असा घ्या की बोटांना पुढे जागा राहील. संध्याकाळी पाय थोडे सुजलेले असतात, खरेदी तेव्हा करा. स्टेरॉइड चालू असताना जखमा सावकाश भरतात, म्हणून चालून आल्यावर तळवे आणि बोटांच्या फटी पाहायची सवय लावून घ्या.

एका दुखण्याबद्दल मला कळकळीनं सांगायचं आहे. जांघेत खोलवर दुखतंय, वजन टाकलं की वाढतंय, कधी कळ गुडघ्यापर्यंत उतरतेय, असं असेल तर "चालून मोकळं होईल" म्हणून चालत राहू नका. ज्यांनी जास्त मात्रेत किंवा बराच काळ स्टेरॉइड घेतलं आहे, त्यांच्या खुब्याच्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो आणि हाड आतून मरायला लागतं. सुरुवातीला एक्स-रे अगदी नॉर्मल येतो. एमआरआयमध्ये ते लवकर दिसतं. तोवर त्या पायावर भार कमी ठेवावा लागतो. एक्स-रेवर "काही नाही" लिहून आलं तरी दुखणं टिकून असेल, तर डॉक्टरांकडे पुन्हा जा, पुन्हा सांगा, "मी स्टेरॉइडवर आहे, जांघेत दुखतंय."

स्टेरॉइडमुळे मांड्यांचे स्नायूही अशक्त होतात. खुर्चीतून हात न टेकता उठता येत नाही, जिना चढताना कठड्याला धरावं लागतं, ही त्याची खूण. हे नुसत्या चालण्यानं भरून येत नाही. खुर्चीवर बसणं-उठणं, पाच-सात वेळा, दिवसातून दोनदा, एवढं त्यात घातलं तर चालणंही सोपं होत जातं.

या दिवशी चालायचं नाही

ताप असेल तर चालायचं नाही. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असताना ताप म्हणजे जंतुसंसर्ग असू शकतो आणि त्यात वेळ घालवून चालत नाही, डॉक्टरांना त्याच दिवशी कळवायचं.

दीर्घ श्वास घेतला की छातीत चमक येते, आडवं झालं की वाढते, पुढे वाकून बसलं की जरा बरं वाटतं, तर फुप्फुसांच्या किंवा हृदयाच्या आवरणाला सूज असू शकते. छातीवर दाब, जबड्यात किंवा हातात कळ, एकदम घाम, हे हृदयाचं. एकाच पायाची पोटरी सुजली, गरम झाली, दाबल्यावर दुखली, किंवा कारण नसताना एकदम धाप लागली, तर रक्ताची गुठळी. ल्युपसच्या काही रुग्णांच्या रक्तात अँटिफॉस्फोलिपिड नावाची प्रतिपिंडं असतात, त्यांच्यात गुठळ्यांचा धोका बराच जास्त असतो. छातीचं किंवा गुठळीचं यातलं काहीही असेल तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहायची नाही, तडक दवाखाना गाठायचा.

दोन्ही पाय सुजणं याची गोष्ट वेगळी. चालून आल्यावर मोजा काढला आणि त्याच्या काठाचा वळ खोल उमटलेला दिसला, तर नडगीच्या हाडावर अंगठा काही सेकंद दाबून धरा. बोट काढल्यावर खळगा तसाच राहिला आणि लघवीला फेसही येत असेल, तर मूत्रपिंडांची तपासणी करून घ्या. हे दुखत नाही, म्हणूनच दुर्लक्ष होतं. बहिणीच्या बाबतीत ते असंच एका संध्याकाळी मोजा काढताना सापडलं. "चालून चालून पाय सुजले असतील" म्हणून मी ते जवळजवळ झटकून टाकलं होतं. तिनंच हट्टानं लघवीची तपासणी करून घेतली, त्यात प्रथिनं निघाली आणि उपचार वेळेवर सुरू झाले.

आजार उसळला तर

फ्लेअर येतो. सगळं नीट करूनही येतो आणि तो तुम्ही चाललात म्हणूनच आला असं धरून चालू नका. सांधे लालसर, सुजलेले, अंगात कणकण, तेव्हा विश्रांती हाच उपचाराचा भाग. पण त्यातही पूर्ण निश्चल पडून राहायचं नाही, जेवढं सोसेल तेवढं करायचं: पलंगावर बसून घोटे फिरवणं, खांदे सैल करणं, संडास-बाथरूमपर्यंत स्वतःच्या पायानं जाणं. त्या पाच तरुणांचे तीन आठवडे आठवा.

फ्लेअर ओसरल्यावर जिथे सोडलं तिथून सुरू करण्याचा मोह होतो. वीस मिनिटांवर होते ना, मग वीसच. तसं नका करू. निम्म्यापासून, किंवा त्याहूनही खालून सुरू करा आणि चार-पाच सकाळी काय सांगतात ते पाहा. बहुतेकांना परत चढायला पहिल्यापेक्षा कमी वेळ लागतो.

आणि जे सोबत चालतात त्यांच्यासाठी, म्हणजे माझ्यासारख्यांसाठी. वेग त्यांचा, आपला नाही. "अजून थोडं, त्या झाडापर्यंत" असं म्हणायचं नाही. परतीचा रस्ताही चालायचा असतो, हे आपल्या लक्षात येत नाही, त्यांच्या येतं. म्हणून ठरलेल्या वेळेच्या निम्म्यावर आपणच थांबून विचारायचं, "फिरूया का मागे?" हल्ली मी अकराव्या मिनिटाला विचारते. ती कधी घड्याळ बघून म्हणते, "हो ताई, चल," आणि कधी माझ्या आधीच वळलेली असते.